रायगडाचे तीन दिवस

रेवस बंदरातून रायगड दिसत नाही. कनकेश्वरच्या डोंगरापासून माणगावच्या रांगांपर्यंत मधे ओळीमागून ओळी उभ्या आहेत. भाऊच्या धक्क्यावरून आलेली लाँच धक्क्याला लागते, उतारू एसटीकडे वळतात, आणि अलिबाग, रोहा, माणगाव, महाड अशी वाट कापत पाचाडला पोहोचतात, तेव्हा कुठे गडाचा कडा समोर येतो. तरीही आमच्या जिल्ह्याला नाव त्या गडाचेच आहे. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला आणि समुद्रातल्या किल्ल्याच्या नावाने ओळखला जाणारा मुलूख डोंगरावरच्या किल्ल्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. आम्हा किनारपट्टीवरच्या माणसांना यात आपले काही गेले असे कधी वाटले नाही. का वाटले नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

या स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचा आहे तो रायगडावर दरवर्षी शिवकाल जागवणाऱ्या उत्सवाचा. या उत्सवाची घटना एका कागदावर कुठे लिहिलेली नाही आणि त्याचे कार्यालयही एका ठिकाणी नाही. पुण्यातल्या मंडळाने त्याची सुरुवात केली, महाड परिसरातल्या कार्यकर्त्यांनी तो तिथीला बांधला, कोल्हापुरातून निघालेल्या समितीने तो तारखेला उभा केला. तिघांचे दिवस वेगळे, कारभार वेगळे, गड एक. असे असूनही तो टिकला, वाढला. म्हणून त्याला संस्था म्हणायचे, आणि तिचा इतिहास संस्थेच्या इतिहासासारखाच लिहायचा.

मूळ प्रसंग

शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. इंग्रजांच्या कागदांप्रमाणे ६ जून १६७४. या दिवशी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. गागाभट्टांनी विधी सांगितला, नद्यांची आणि समुद्राची पाणी आणली गेली, नवा शक सुरू झाला, होन आणि शिवराई ही नाणी पडली, आणि फारसी शब्दांना देशी प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार करून घेतला गेला. स्वतःचा राजा, स्वतःचे नाणे, स्वतःची कालगणना आणि स्वतःची भाषा, अशी राज्याची चारही अंगे एका प्रसंगात सामावली.

त्या प्रसंगाला मुंबईहून आलेला एक साक्षीदार होता. हेन्री ऑक्झिंडन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील मुंबईहून समुद्रमार्गे चौलला आला आणि पुढे रोहा-अष्टमी, निजामपूर या वाटेने पाचाडला पोहोचला. म्हणजे त्याची होडी आमच्याच किनाऱ्यासमोरून गेली. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या सोनेरी टोकांवर त्याने जी चिन्हे पाहिली, त्यांत मोठ्या दातांच्या माशांची मुंडकी होती, घोड्यांच्या शेपट्या होत्या आणि सोन्याचा तराजू होता. मासा हे समुद्रावरच्या सत्तेचे चिन्ह, शेपट्या घोडदळाच्या, तराजू न्यायाचा. राज्याच्या सर्वोच्च आसनाशेजारी दर्याची खूण होती, ही नोंद रेवस-बोडणीच्या मुलांनी पाठ करावी इतकी मोलाची आहे.

सिंहासनाभोवती अष्टप्रधान उभे होते. मोरोपंत पिंगळे, हंबीरराव मोहिते, अण्णाजी दत्तो अशी त्यांतली नावे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्यापेक्षा कमी बोलली जाते ती गडागडावरची व्यवस्था. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत सांगितले आहे की प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी एकाच दर्जाचे असत, वेगवेगळ्या जातींचे असत, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा असे. एकाने फितूर व्हायचे ठरवले तरी गड जात नसे. गावपातळीवर पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार होते, तंटे गोतसभेत सुटत होते. छत्र एक, पण त्याच्याखाली गाव आपला निवाडा आपण करत होता आणि गड आपला कारभार तिघांच्या संमतीने चालवत होता. पुढे रायगडावर जो उत्सव वाढला त्याची घडण नकळत याच वळणाने गेली.

उपेक्षेची दोन शतके

३ एप्रिल १६८० रोजी, चैत्र पौर्णिमेला, महाराजांचे रायगडावर निधन झाले. १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला. १७३३ मध्ये शाहू महाराजांच्या काळात तो पुन्हा मराठ्यांकडे आला. १० मे १८१८ रोजी तोफांच्या माऱ्यानंतर तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या माऱ्यात लागलेल्या आगीने वाडे जळाले. गडावर झाडी माजली आणि समाधीपर्यंत जाणारी पाऊलवाटही उरली नाही.

महाराजांची आठवण मात्र लोकांत होती. १८६९ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा प्रसिद्ध केला आणि कुळवाड्यांचा, कष्टकऱ्यांचा राजा म्हणून त्यांना समोर आणले. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात रायगडावरच्या समाधीच्या दुरवस्थेबद्दल खेद व्यक्त केला. परक्याने आपल्याला आपल्या राजाची समाधी दाखवावी, ही गोष्ट महाराष्ट्राला लागली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात हालचाल झाली. सरकारने समाधीच्या देखभालीसाठी मंजूर केले वर्षाला ५ रुपये.

त्या पाच रुपयांतून उत्सव जन्माला आला असे म्हटले तरी चालेल. सरकार ज्याची किंमत पाच रुपये करते त्याची देखभाल आपण आपल्या पैशाने, आपल्या माणसांनी करायची, हा विचार पुढच्या दहा वर्षांत पक्का झाला.

मंडळाची स्थापना

एप्रिल १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून हा प्रश्न हाती घेतला. ३० मे १८९५ रोजी पुण्यात हिराबागेत सभा भरली आणि स्मारकाच्या कामासाठी समिती नेमली गेली. आजचे श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळ आपली परंपरा तिथपासून सांगते. निधीसाठी संस्थानिकांकडे शब्द टाकला गेला, पण भर होता लहान वर्गणीवर. शिक्षक, कारकून, विद्यार्थी, शेतकरी यांनी आणे-रुपये पाठवले. ज्याने चार आणे दिले त्याचाही गडावर हक्क, ही भावना या वर्गणीने रुजवली.

१८९६ मध्ये रायगडावर पहिला उत्सव झाला. रस्ता नव्हता, निवारा नव्हता, गडावर पाणी पुरवून वापरावे लागे. मुंबईकडून येणाऱ्यांसाठी त्या काळी आगबोट हाच सोयीचा मार्ग. बाणकोटच्या खाडीतून दासगावपर्यंत किंवा आमच्याच तोंडासमोरून धरमतरच्या खाडीत शिरायचे आणि पुढे बैलगाडीने नाहीतर पायी जायचे. पाण्याची वाट आणि डोंगराची वाट यांची गाठ पहिल्या उत्सवापासूनच पडलेली आहे.

दुसऱ्याच वर्षी, जून १८९७ मध्ये, पुण्यात राज्याभिषेकाचा उत्सव साजरा झाला. तिथली भाषणे 'केसरी'त छापली गेली, आठवड्याभरात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन अठरा महिन्यांची शिक्षा झाली. भूतकाळ जागवणे ही किती गंभीर गोष्ट आहे हे सरकारला कळले, लोकांनाही कळले. अभिषेकाची आठवण करणे म्हणजे 'आपण राज्य करू शकतो' असे म्हणणे होते.

उत्सव मराठी मुलखाबाहेरही गेला. सखाराम गणेश देऊस्कर यांच्या खटपटीने तो बंगालमध्ये पोहोचला, रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०४ मध्ये त्यावर कविता लिहिली, आणि १९०६ मध्ये टिळक कलकत्त्याच्या उत्सवाला गेले. बंगाल्यांनी तो बंगाली रीतीने केला. प्रत्येक मुलखाने आपल्या पद्धतीने करावा ही मोकळीक या उत्सवाला तेव्हापासून आहे.

समाधीचे काम मात्र रेंगाळले. परवानग्या, पत्रव्यवहार, निधीची जुळवाजुळव यांत तीस वर्षे गेली. १९२० मध्ये टिळक गेले. १९२६ च्या सुमारास समाधीचा जीर्णोद्धार पुरा झाला आणि आज आपण जिच्यापुढे हात जोडतो ती वास्तू उभी राहिली. ज्यांनी १८९५ मध्ये वर्गणी दिली त्यांतल्या अनेकांना ती पाहायला मिळाली नाही. संस्थेच्या इतिहासात त्यांची नोंद आधी व्हायला हवी.

एक गड, तीन दिवस

आज रायगडावर वर्षातून तीन मोठे दिवस साजरे होतात.

पहिला चैत्र पौर्णिमेचा. ही महाराजांची पुण्यतिथी. स्मारक मंडळाचा मुख्य कार्यक्रम या दिवशी असतो. १२ एप्रिल २०२५ रोजी ३४५ वी पुण्यतिथी गडावर झाली. हा दिवस समाधीचा. स्वर गंभीर, भाषणे इतिहासाची, मानवंदना शांतपणे दिलेली.

दुसरा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. हा तिथीप्रमाणे राज्याभिषेकदिन. महाड आणि गडपायथ्याच्या परिसरातल्या कार्यकर्त्यांनी, कोकणकडा मित्र मंडळासारख्या मंडळांनी तो धरून ठेवला. तिथी दरवर्षी सरकते. २०२३ मध्ये ती २ जूनला आली, २०२५ मध्ये ९ जूनला. पंचांग पाहून पेरणी आणि सण करणाऱ्या गावांना ही गणना परकी वाटत नाही.

तिसरा ६ जूनचा. हा तारखेप्रमाणे राज्याभिषेकदिन. छत्रपती संभाजीराजे यांच्या मार्गदर्शनाखाली अखिल भारतीय शिवराज्याभिषेक महोत्सव समिती तो भरवते. तिचा कणा कोल्हापूरचा, पण माणसे राज्यभरातून येतात. तारीख ठरलेली असल्यामुळे नोकरदारांना रजा टाकता येते, विद्यार्थ्यांना बेत आखता येतो, आणि उपस्थिती लाखांच्या घरात जाते.

तिथी खरी की तारीख, यावर दरवर्षी वाद होतो. थोडा हिशेब समजून घेतला तर तो निवतो. १६७४ मध्ये इंग्रज जुने जुलियन पंचांग वापरत होते. ६ जून ही त्या पंचांगातली तारीख आहे. आज आपण जे ग्रेगोरियन पंचांग वापरतो त्यात तोच दिवस १६ जून येतो. म्हणजे ६ जून हा दिवस आपण ठरवून, मानून घेतलेला आहे. त्रयोदशी ही त्या काळच्या रायगडाची स्वतःची नोंद. एक दिवस परंपरेने दिला, दुसरा सोयीने आणि संकल्पाने दिला. दोन्हींना आपापला मान आहे. जन्मतिथीबाबत महाराष्ट्र असाच दीर्घ वाद जगला. वैशाख शुद्ध द्वितीया की फाल्गुन वद्य तृतीया, हा प्रश्न जेधे शकावली ही जुनी कालनोंद पुढे आल्यावर नव्याने तपासला गेला, आणि शेवटी शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. तरी बेळगावात शिवजयंती आजही वैशाखातच होते. बेळगावकरांनी ती सोडली नाही, आणि ती त्यांची ओळख झाली.

२०२३ मध्ये ३५० व्या वर्षाच्या निमित्ताने शासनाने तिथीचा सोहळा २ जूनला गडावर केला, आणि चार दिवसांनी ६ जूनला समितीचा सोहळा तितक्याच थाटात झाला. गडाने दोन्ही सोहळे पोटात घेतले.

मुलुखाचा आवाज

६ जूनच्या आदल्या संध्याकाळी चित दरवाज्यापाशी उभे राहावे. डोळे मिटले तरी कोण कुठून आले हे कळते. हलगी, घुमके आणि कैताळ एकत्र कडाडले की कोल्हापूरच्या पेठांतली तालीम आली. सलग खोल ठेका घुमला तर नाशिकचा ढोल. गजीढोलाच्या संथ घुमण्यात सांगली-साताऱ्याची माणदेशी माती असते. सनई आणि ढोलाच्या लगबगीत खालूबाजा वाजला की आमचे कोकण आले, आणि त्यामागे जाखडीचा फेर धरणारी पोरे. कोळ्यांचा रुमाल, कोल्हापुरी फेटा, मावळातले घोंगडे, यांतले कोणी दुसऱ्याचे घेत नाही आणि आपले टाकतही नाही.

गडावर शिवकाल जागतो तो मर्दानी खेळांत. दांडपट्टा, भाला, विटा, फरीगदगा, लाठी. ही विद्या कोल्हापूरच्या तालमींनी सांभाळली. वस्तादाने शिष्याला दिली, शिष्य वस्ताद झाला. प्रत्येक तालमीची आपली पवित्र्याची तऱ्हा असते, आणि जाणकार पट्टा फिरवण्याच्या घाटावरून तालीम ओळखतो. आज कोकणातल्या गावांत मुलींची पथकेही दांडपट्टा फिरवतात. शिरकाई देवीपुढे गोंधळ होतो, शाहीर पोवाडा उभा करतो, नगारखान्यापुढे ध्वज चढतो, राजसदरेवर अभिषेक होतो, आणि पालखी जगदीश्वराकडे आणि समाधीकडे निघते. हे सगळे कोण्या एकाने बसवलेले नाही. प्रत्येक मुलखाने आपापले आणून ठेवले.

गडाबाहेरही शिवकाल उभा करण्याच्या मोठ्या परंपरा आहेत. बेळगावात गल्लीगल्लीची मंडळे शिवजयंतीला चित्ररथ काढतात आणि रात्रभर शिवचरित्रातले सजीव देखावे रस्त्यांवरून फिरतात. बाबासाहेब पुरंदरे यांनी १९७४ मध्ये, राज्याभिषेकाच्या ३०० व्या वर्षी, शिवाजी पार्कवर शिवसृष्टी उभारली आणि पुढे 'जाणता राजा' हे हत्ती-घोड्यांसह महानाट्य रंगमंचावर आणले. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारे प्रत्येक मूल याच संस्थेचे सभासद आहे.

सिंहासन आणि कारभार

आता मुख्य गोष्ट. नाटकात कोणीतरी शिवाजी महाराज होतो. चित्ररथावर होतो. रायगडावर मात्र राज्याभिषेकाच्या सोहळ्यात कोणीही महाराजांच्या वेषात सिंहासनाच्या जागी बसत नाही. तिथे मेघडंबरीखाली मूर्ती आहे. अभिषेक मूर्तीवर होतो. छत्रपतींच्या घराण्यातले वंशजसुद्धा तिथे हातात कलश घेऊन उभे असतात. राजवेष चढवून ती जागा घ्यायचे कुणाच्या मनातही येत नाही.

एवढ्या एका संकेताने संस्थेचा सगळा कारभार ठरून गेला आहे. वरची जागा कायमची भरलेली आहे, त्यामुळे तिच्यासाठी भांडण नाही. खाली उरतात ते सगळे सेवेकरी. पुण्याचे मंडळ १८९५ चे, म्हणून गावातल्या कालच्या पथकाने त्याच्या हाताखाली यावे असा नियम नाही. कोल्हापूरच्या समितीची गर्दी मोठी, म्हणून महाडकरांनी आपली तिथी सोडावी असेही नाही. गावातले पथक आपले नाव, आपला ध्वज, आपला हिशेब घेऊन येते. वर्गणी गावात गोळा होते आणि तिचा जमाखर्च गावाच्या देवळात वाचला जातो. गडावर गेल्यावर मात्र वेळापत्रक, रांग आणि पाण्याचा वापर यांबाबत त्या दिवसाच्या समितीचे ऐकायचे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नियम, पोलिसांचा बंदोबस्त आणि रायगड विकास प्राधिकरणाची कामे यांना तिन्ही दिवस सारखेच बांधील असतात.

जगात असे प्रयोग इतरत्रही झाले आहेत. १ मे १९६६ रोजी अमेरिकेत बर्कली इथे काही मित्रमंडळींनी एका घराच्या अंगणात मध्ययुगीन युरोपातल्या द्वंद्वांचा खेळ मांडला. त्यातून सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम ही संस्था उभी राहिली. आज तिची वीस 'राज्ये' आहेत. प्रत्येकाचे नाव, निशाण, कायदे आणि अधिकारी वेगळे. एखाद्या प्रदेशातली माणसे वाढली, त्यांची चालरीत वेगळी झाली, की आधी ते मांडलिक संस्थान होते आणि मग स्वतंत्र राज्य. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे 'लोखॅक' अमेरिकेतल्या 'वेस्ट' या राज्याखाली होते, ते २००२ मध्ये स्वतंत्र झाले. तिथे द्वंद्वात जिंकणारा काही महिन्यांसाठी राजा होतो आणि मुदत संपली की मुकुट उतरवतो. त्यांनी मुकुट फिरता ठेवून बरोबरी साधली, आपण सिंहासन मूर्तीला देऊन साधली. दोन्हीकडे कळले ते एकच: दूरच्या माणसांना आपल्या नावाने, आपल्या रीतीने वागू दिले तरच ती मोठ्या गोताबरोबर राहतात.

दर्याकडची बाजू

आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना आपला कारभार आपण करण्याची सवय जुनी आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात नोंद आहे की सोनकोळ्यांचे जमातीचे तंटे त्यांच्या पाटलांसमोर सुटत आणि सगळ्यांवरचा सरपाटील अलिबागेत राही. कोर्टाची पायरी चढण्याआधी गाव बसत असे. आजच्या मच्छीमार सहकारी सोसायट्यांच्या बैठकीत ती सवय अजून दिसते.

स्वराज्याच्या आरमारात हेच लोक होते. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी याने थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या इंग्रजांनी 'रिव्हेंज' आणि 'हंटर' ही जहाजे घेऊन बेटाची नाकेबंदी केली. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री, भरती-ओहोटीचा अंदाज घेत, खडकांमधून वाट काढत किनाऱ्यावरून रसद पोहोचवत राहिल्या. उथळ पाण्यात मोठी जहाजे अडली, होड्या अडल्या नाहीत. अखेर इंग्रजांनी माघार घेतली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे, त्यामागे असा अनुभव आहे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले दोन आमच्या जिल्ह्यातले. एक रायगड, एक खांदेरी. सिंहासनाशेजारच्या माशाच्या खुणेला साडेतीनशे वर्षांनी जगाकडून मिळालेली ही दाद आहे, असे आम्ही मानतो.

यापुढे

उणिवा लपवून इतिहास पुरा होत नाही. गर्दीच्या दिवशी अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीची भीती असते. सोहळ्यानंतर गडावर प्लास्टिक उरते. ज्या गडावर तेव्हाच्या माणसांनी पावसाचे पाणी साठवायला टाकी आणि तलाव खोदले, तिथे आपण पाण्याच्या बाटल्या टाकून येतो. प्रत्येक पथकाने आपला कचरा आपल्याच पिशवीत खाली आणला, तर समितीला वेगळी फौज नेमावी लागणार नाही. स्वराज्याची पहिली परीक्षा तिथेच आहे.

जानेवारी २०२१ मध्ये शासनाच्या ग्रामविकास विभागाने ६ जून हा शिवस्वराज्य दिन म्हणून सर्व जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायतींत साजरा करायचे ठरवले. भगवा ध्वज लावून स्वराज्यगुढी उभारायची. राज्याभिषेकाचा दिवस ग्रामपंचायतीच्या अंगणात आणला गेला, याचा अर्थ खोल आहे. लहानशा गावाचा सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी हे त्या दिवशी गुढीभोवती उभे राहतात, तेव्हा सिंहासनाभोवतीच्या अष्टप्रधानांचा आणि गडावरच्या त्या तिघा बरोबरीच्या अधिकाऱ्यांचा वारसा त्यांच्याकडे येतो. पाणीपट्टी वेळेवर भरणे, ग्रामसभेला बसणे, हिशेब मागणे आणि हिशेब देणे, ही त्या वारशाची रोजची पूजा.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत रेवस-बोडणीच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणायला काढलेली असतात, आणि दर्यावर जाणारे हात मोकळे असतात. वर्षातले हेच दिवस त्रयोदशीचे आणि ६ जूनचे. दर्याने आम्हाला दिलेली ही सुट्टी आहे. सकाळी ग्रामपंचायतीपुढे गुढी उभी करायची, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी आदल्या दिवशीच पाचाडची वाट धरायची. पुढच्या खेपेला इथून जाणाऱ्यांनी आपला खालूबाजा बरोबर न्यावा, कोळ्यांचा रुमाल बांधावा, आणि राजसदरेवर उभे राहून शेजारच्या अनोळखी मुलाला सांगावे: इथे, सिंहासनाच्या बाजूला, भाल्याच्या टोकावर सोन्याचा मासा होता. आम्ही त्या बाजूचे.